ऑक्टोबरभर रोज रात्री एक भयपट: ओएलईडी टीव्ही आणि साउंडबारचा वापरानंतरचा अनुभव

साहित्य असं: ५५ इंची ओएलईडी टीव्ही, ३.१ साउंडबार (डावा, मधला, उजवा असे तीन स्पीकर) आणि त्यासोबतचा वायरलेस सबवूफर (बासचा वेगळा स्पीकर). जागा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, लाकडी जमिनीच्या अपार्टमेंटमधला हॉल. वापर उन्हाळ्यापासून ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत. इथे भयपटांचे बरेच चाहते १ ते ३१ ऑक्टोबर रोज रात्री एक भयपट बघतात, आणि टीव्हीचा खरा कस त्याच महिन्यात लागतो. मॅच किंवा जंगलाचे माहितीपट कुठल्याही टीव्हीवर छान दिसतात. भयपटात महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या सगळ्यात काळ्या कोपऱ्यात असते आणि ती हवी तेवढीच दिसायला लागते. दिसलीच नाही तर प्रसंग वाया गेला, जास्त दिसली तर दचकायला काही उरत नाही.

इथे ओएलईडीला तोड नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. एलसीडीत मात्र मागे दिवा असतो. साध्या आयपीएस प्रकारच्या एलसीडीचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) १०००:१ च्या आसपास असतो, त्यामुळे तळघराचा अंधार राखाडी दिसतो. व्हीए प्रकारच्या एलसीडीवर कॉन्ट्रास्ट ३००० ते ५०००:१ पर्यंत जातो, तरी पूर्ण काळोख होत नाही. मात्र जूनमध्ये हाच ओएलईडी निराश करतो. साडेआठपर्यंत बाहेर उजेड असतो आणि चकचकीत काचेत पडद्याऐवजी खिडकीच दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आत मावळतो, महिनाअखेरीस सहाच्या सुमारास. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे हॅलोविन संपल्यावर. तरीही महिनाभर साडेसातला खोली पुरेशी अंधारी होते.

टीव्ही दुकानातून ज्या सेटिंगवर येतो त्यावर भयपट बघू नयेत. आधी फिल्ममेकर मोड लावावा. त्याने मोशन स्मूदिंग (मधल्या जादा फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणं) बंद होतं आणि सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत नाही. मग खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा कमी-जास्त करणारा सेन्सर आणि डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करावं. टोन मॅपिंग सावल्या उचलून धरतं, आणि दाराआड उभा असलेला माणूस दिग्दर्शकाने ठरवलेल्या क्षणाआधीच दिसतो. गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसाव्यात याची सेटिंग) पूर्ण अंधारात २.४ किंवा मेन्यूत बीटी.१८८६ नावाने असलेला पर्याय, कोपऱ्यात दिवा असेल तर २.२. काही दिसत नाही म्हणून ब्लॅक लेव्हल वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. काळा रंग धुरकट होतो, वर फिल्मचा दाणा (ग्रेन) किड्यांसारखा वळवळतो.

एवढं करूनही काळे कपडे अंधारात पूर्ण बुडत असतील तर दोष बहुधा एचडीएमआयच्या रेंजमध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे मोजण्याच्या पद्धतीत असतो. प्लेअर फुल रेंज पाठवतो आणि टीव्ही लिमिटेड समजून वाचतो. दोन्हीकडे एकच रेंज ठेवावी. ओळखायची खूण सोपी आहे: चित्राच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या खोलीच्या अंधारात मिसळल्या पाहिजेत, पण काळ्या कोटाच्या चुण्या दिसल्या पाहिजेत.

आता मोठी तक्रार. या टीव्हीत पॅनेल जपण्यासाठी आपोआप मंद होण्याची सोय आहे. चित्राची सरासरी उजळता बराच वेळ बदलली नाही की पडदा हळूहळू उतरतो. कॅमेरा अंधाऱ्या बोळाकडे दोन-तीन मिनिटं नुसता बघत राहिला की नेमकं हेच होतं, आणि आधीच अंधुक असलेलं दृश्य दिसेनासं होतं. आवाजाचं बटण दाबून पडद्यावर पट्टी आणली की उजळता परत येते, पण ऐन प्रसंगात ते करणं जिवावर येतं. दुरुस्तीवाल्यांसाठीच्या छुप्या सर्व्हिस मेन्यूतून ही सोय बंद करता येते म्हणतात. वॉरंटी चालू असताना त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा त्रास सबटायटल्सचा. खोली काळीमिट्ट आणि खाली पांढरीफटक ओळ, की डोळा त्या ओळीशी जुळवून घेतो आणि सावलीतलं बारीक काही दिसत नाही. अक्षरांचा रंग करडा, आकार लहान आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली की फरक लगेच कळतो. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्समध्ये आवाजांचंही वर्णन असतं. ‘दार करकरतं’ हे शब्द बऱ्याचदा दार करकरण्याआधी उमटतात आणि घाबरण्याची सगळी तयारी फुकट जाते. साधी सबटायटल्स असतील तर तीच निवडावीत.

स्ट्रीमिंगवर ४के चित्रपट सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटने येतो. उजेडातल्या दृश्याला ते पुरतं. धुकं, मेणबत्तीच्या उजेडातली भिंत, टॉर्चचा झोत असं काही आलं की चौकोनी ठिपके आणि पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात. ओएलईडी काही लपवत नाही, त्यामुळे हा दोष स्वस्त टीव्हीपेक्षा इथे जास्त उघडा पडतो. वायफायऐवजी केबल लावल्याने रात्री नऊच्या गर्दीत दर्जा घसरत नाही, पण पाठवण्याआधी चित्र जितकं दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असतं तितकंच राहतं. यूएचडी ब्लू-रे (४के डिस्क) वर दर १०० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि तेच धुकं धुक्यासारखं दिसतं. म्हणून महिन्यातले चार-पाच सर्वांत अंधारे चित्रपट डिस्कवर बघावेत. सार्वजनिक वाचनालयात डिस्क फुकट मिळतात, पण नोंदणी सप्टेंबरमध्येच करावी. ऑक्टोबर उजाडला की प्रत्येक नावामागे रांग लागते. वाचनालयाच्या कार्डावर चालणाऱ्या कॅनोपी आणि हूप्ला या स्ट्रीमिंग सेवाही कामाला येतात. दोन्हींना महिन्याची मर्यादा असते, ती सुट्टीच्या दिवशी उधळू नये.

जुन्या चित्रपटांत प्रत फार महत्त्वाची. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) वर कॉपीराइटची सूचना छापायची राहिली आणि तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणून त्याच्या पांढुरक्या, पुसट प्रती जिथेतिथे सापडतात. मूळ निगेटिव्हवरून केलेली ४के प्रतच बघावी. या कृष्णधवल चित्रपटाच्या करड्या छटा हा टीव्ही फार सुंदर दाखवतो.

आवाजाबाबत साउंडबारने निम्मं काम चोख केलं. भयपटात कुजबुज अगदी खाली आणि धक्का अगदी वर असतो, त्यामुळे रिमोट हातातून सुटत नाही. सेंटर चॅनेल (संवादांचा मधला स्पीकर) ३ डेसिबल वर आणि नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) चालू, एवढ्याने संवाद कळतात. नाइट मोडने धक्क्याची धार जाते हे खरं. पण भिंतीपलीकडे झोपलेलं बाळ असेल तर तो सौदा मान्य करावा. खरी पंचाईत सबवूफरची. खालच्या पट्टीतला घुमारा लाकडी जमिनीतून सरळ खालच्या घरात पोहोचतो. कोपरा बास फुगवतो, म्हणून सबवूफर कोपऱ्यापासून ४० सेंटिमीटर पुढे, खाली जाड फोम आणि रात्री दहानंतर लेव्हल ४ ते ६ डेसिबल खाली. जुन्या मोनो चित्रपटांना सराउंड लावू नये, संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. हेडफोन वापरायचे तर वायरचे. साध्या ब्लूटूथवर आवाज इतका मागे पडू शकतो की किंकाळी तोंड मिटल्यावर ऐकू येते.

रोज एक हा नेम भीतीने मोडत नाही, झोपेने मोडतो. सोमवार ते गुरुवार ७० ते ९० मिनिटांचेच चित्रपट ठेवावेत; १९३० ते १९६० च्या दशकांत ते भरपूर आहेत. दोन तासांपुढचं सगळं शुक्रवार-शनिवारी. मराठी घरात दसरा बहुतेक वर्षी याच महिन्यात येतो, काही वर्षी दिवाळीही; तेव्हा लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आधीच मोकळी सोडून आदल्या रविवारी दोन चित्रपट बघून टाकावेत. ३१ तारखेला मुलं गोळ्या-चॉकलेटं मागायला येतात आणि आठपर्यंत बेल वाजत राहते, म्हणून शेवटचा चित्रपट साडेआठनंतरच लावावा.

रोजच्या वापरात एक पथ्य: चित्रपट संपल्यावर टीव्ही रिमोटने बंद करावा, भिंतीवरचं बटण बंद करू नये. एकूण चारेक तास वापर झाला की पॅनेल स्टँडबायमध्ये स्वतःची दुरुस्ती करून घेतं आणि त्याला वीज लागते.

खोलीत पडदे लावूनही उजेड राहत असेल तर ओएलईडी घेऊ नये, मिनी-एलईडी (मागे छोट्या दिव्यांचे गट असलेला एलसीडी) घ्यावा. तो जास्त उजळ असतो. मात्र काळ्या पार्श्वभूमीवरच्या मेणबत्तीभोवती त्यावर पुसटसं प्रभामंडळ दिसतं, आणि भयपटांत मेणबत्त्या काही कमी नसतात. दुकानात तेवढं एक दृश्य, दिवे मालवायला सांगून, लावून बघावं आणि मगच पैसे द्यावेत.