खुडूक कोंबडी की उबवणीची पेटी?

घरी दहा-वीस गावरान कोंबड्या पाळणारा माणूस कधी ना कधी या प्रश्नापाशी येतोच. कोंबडा आहे, अंडी खाऊन-विकून उरतायत, मग पिल्लं घरीच काढायची तर कोंबडीखाली काढायची की पेटी आणायची? माणदेशातल्या आमच्या वस्तीवर मी दोन्ही करून पाहिलंय. आधी आईच्या पद्धतीनं कोंबडीखाली, मग तीन वर्षं पेटीवर. उबवणी एकवीस दिवसांची, पेटीत ऊब साडेसदतीस अंश, अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. म्हणून ते सोडून, प्रत्यक्षात कुठं अडतं तेवढंच लिहितो.

पेटी घ्यावीशी वाटते त्याचं मुख्य कारण म्हणजे कोंबडी तिच्या मर्जीनं खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसते. तुम्हाला दिवाळीनंतर पिल्लं हवी असतात आणि नेमक्या तेव्हा सगळ्या कोंबड्या अंडी देत सुटलेल्या असतात, एकही बसायचं नाव घेत नाही. कडकनाथवाल्यांची अडचण याहून मोठी. त्या कोंबड्या सहसा बसतच नाहीत, बसल्या तरी टिकतील याचा भरवसा नसतो. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जातींत तर खुडूकपणा जवळजवळ उरलेलाच नाही. (त्यांची अंडी घरी उबवूही नयेत असं माझं मत आहे. संकर असल्यानं पुढच्या पिढीत आईबापाचे गुण तसेच उतरत नाहीत. ती पिल्लं हवी असतील तर एक दिवसाची विकत आणावीत. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं आहेत.)

दुसरं कारण लसीचं, आणि ते मला पेटी आणल्यावर कळलं. लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लसीची, कुपी कमीत कमी शंभर मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पेटीतनं चाळीस पिल्लं एका दिवशी निघाली तर सहाव्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब घालून मोकळं होता येतं. कोंबडीमागं दहा पिल्लं असली की तीच कुपी आणायला जीव जड होतो, मग माणूस टाळतो, आणि पुढं राणीखेत आली की सगळंच जातं. आम्ही आता शेजारची तीन-चार घरं मिळून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवतो आणि एक कुपी वाटून घेतो. पण यात पेटीची बाजू भक्कम आहे, हे मान्य करावंच लागेल.

माझी पेटी साठ अंड्यांची, थर्माकोलची. पंखा, दोन बल्ब, अंडी आपोआप फिरवणारी जाळी. पहिल्या खेपेला अठ्ठेचाळीस अंडी घातली आणि एकोणीस पिल्लं निघाली. नासकी अंडी फोडून बघितली तर बहुतेकांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण पापुद्र्याला कागदासारखं चिकटून मेलेलं. फाल्गुनातली आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की ताटलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत आटलेलं असायचं आणि मी ते सकाळी एकदाच भरायचो. शिवाय पडद्यावरचा आकडा अर्ध्या अंशानं खोटा निघाला. ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर अंड्यांवर आडवा ठेवला तेव्हा ते कळलं. पेटी कुठलीही घ्या, पहिली अंडी घालायच्या आधी हा ताळा करून बघाच. पुढच्या खेपांना पाण्याच्या दोन ताटल्या आणि शेवटचे तीन दिवस एक ओला स्पंज ठेवायला लागलो, तशी पन्नासातली बत्तीस-चौतीस पिल्लं मिळायला लागली. त्याच्या वर मी काही गेलो नाही. काही जण जातात, त्यांचा हात माझ्याहून बसलेला असेल.

पेटीबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात तो लाईट गेल्यावर काय, हा. माझ्या अनुभवानं ही भीती थोडी चुकीच्या जागी आहे. अंडं लगेच गार होत नाही. एकदा सोळाव्या दिवशी तीन तास लाईट नव्हती. पेटीवर गोधडी टाकली, झाकण उघडलं नाही, आणि त्या खेपेला काही फरक पडलेला दिसला नाही. कोंबडी तरी कुठं सलग बसते? रोज पंधरा-वीस मिनिटं उठून जातेच की. मला पेटीची जास्त चिंता चैत्र-वैशाखात वाटते. पेटीला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. खोलीच बेचाळीस अंशांवर गेली की बल्ब बंद असूनही आतला आकडा चढत राहतो. मी ती पत्र्याच्या खोलीतून काढून मातीच्या भिंतीच्या माजघरात नेली तेव्हा कुठं निभावलं. त्या दिवसांत अंडी साठवतानाही जपावं लागतं. एरवी आठवडाभर चालतात, पण उन्हाळ्यात मी चार दिवसांपुढची अंडी उबवायला घेत नाही.

आता कोंबडी. आई अंडी ज्वारीच्या डब्यात निमुळतं टोक खाली करून खोचून ठेवते. कोंबडी खुडूक झाली की आधी दोन दिवस तिला रिकाम्या पाटीत बसवून पारखते. हात घातल्यावर अंगावर धावून आली, पिसं फुलवून कुर्र केलं, तर ती बसणार. उठून पळाली तर दुसरी बघायची. मग पाटीत राख, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर पिंजर. राख-पाला पिसवांसाठी. पाटीत पिसवा झाल्या तर पंधराव्या दिवशी चांगली बसलेली कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठते, हे मी दोनदा पाहिलंय. एका कोनाला आई लोखंडी खिळा आणि कोळसाही ठेवते, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्यानं काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण आईनं ठेवलेला खिळा मी कधी काढलेला नाही.

कोंबडीचा त्रास मला सोसावा लागला तो दुसऱ्या कोंबड्यांपायी. ही दाणे टिपायला उठली की बाकीच्या तिच्याच पाटीत येऊन अंडं घालतात. दहाची तेरा झालेली कळत नाहीत. एकविसाव्या दिवशी पहिली आठ-नऊ पिल्लं निघतात, दीड दिवसानं ती त्यांना घेऊन खाली उतरते, आणि मागं राहतात नंतर पडलेली अंडी, आत अर्धं वाढलेलं पिल्लू तसंच ठेवून. यावर उपाय सोपा आहे. बसवताना प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारायची आणि रोज ती खायला उठली की बिनफुलीचं अंडं उचलायचं. त्याहून बरं म्हणजे पाटी डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपल्याखाली, झाकून दिवसातनं एकदाच तिला सोडायची. मुंगूस-मांजराचाही घोर मिटतो. बाकी काही करावं लागत नाही. सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून अंडी बघतो, ज्यात लाल शिरांचं जाळं दिसत नाही ती काढतो. बारातली नऊ-दहा पिल्लं ही माझ्याकडची नेहमीची गत. पाण्याची ताटली नाही, आकडा नाही.

विसाव्या दिवशी पाटीला कान लावून बघा. अंड्याला टोचा पडायच्या आधीच आतनं बारीक चिवचिव येते, आणि कोंबडी त्याला दबक्या आवाजात उत्तर देते. इतके दिवस गप्प बसलेली कोंबडी त्या दिवशी बोलायला लागते. पेटीत ही चिवचिव तशीच येते. तिथं फक्त पंख्याचा आवाज असतो.

पण माझा निर्णय यामुळं झाला नाही. तो पिल्लं निघाल्यानंतरच्या दिवसांनी केला, ज्यांच्याबद्दल पेटी घेताना कुणी बोलत नाही. पेटीचं काम एकविसाव्या दिवशी संपतं आणि समोर तीस-बत्तीस बिनआईची पिल्लं असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत महिन्यापर्यंत जायचं. लाईट गेल्याची भीती धरायची ती इथं. अंडं गारठ्यात काही तास तग धरतं, चार दिवसांचं पिल्लू धरत नाही.

पौषातली रात्र होती. एकतीस पिल्लं, लाकडी खोक्यात भुसा, वर शंभराचा बल्ब. दोनच्या सुमाराला कधीतरी लाईट गेली आणि मला जाग आली नाही. पहाटे खोक्यात हात घातला तर सगळी एका कोपऱ्यात ढिगानं बसलेली. वरची हलवून बाजूला केली, खालची उचलली. ती चपटी आणि गार झाली होती, पिसं घामेजल्यासारखी ओली. नऊ मेली. रोग नाही, काही नाही. ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढली आणि खालची गुदमरली. त्यानंतर इन्व्हर्टर घेतला, तर पुढच्या खेपेला एका रात्री बल्बच उडाला. मग दोन बल्ब लावले. पण त्या पहाटेनंतर महिना-महिना माझी झोप कानांत गेली. खुशीत असलेल्या पिल्लांची चिवचिव मऊ, तुटक असते, गारठलेल्यांची लांब आणि टोकदार. झोपेतही मी तोच फरक ऐकत पडायचो. बायको म्हणाली, घरात तान्हं बाळ असल्यागत झालंय. खरंच तसं झालं होतं.

महिन्यानं पिल्लं बाहेर सोडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. घार फिरायला लागली की कोंबडीमागची पिल्लं तिच्या एका आवाजासरशी घाणेरीच्या झुडपात शिरून दिसेनाशी होतात. दिव्याखाली वाढलेली उघड्यावर उभी राहून वर बघत राहतात. आठवड्यात घारीनं पाच नेली. मुंग्यांची वारुळं, उकिरड्यातले किडे, कुठं उकरायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. ती पुढं शिकतात, पण तोवर खाद्याचं पोतं माझ्या खिशातनं येतं.

ज्यांच्या घरी लाईटचा भरवसा आहे, पिल्लांपाशी कायम कुणीतरी माणूस आहे आणि पिल्लं बंदिस्तच वाढवायची आहेत, त्यांना यातलं बरंचसं जाणवणार नाही. वर्षाला दोनशे-तीनशे पिल्लं विकायची असतील तर पेटीला पर्याय नाही, हेही तितकंच खरं. कडकनाथवाल्यांनी पेटीच घ्यावी, किंवा अंडी गावरान खुडुकीखाली ठेवावीत. तिला परकं अंडं चालतं. कोंबडीचा तोटाही मोजायला हवा. बसल्यापासून पिल्लं सुटी होईपर्यंत तीन-साडेतीन महिने ती अंडी देत नाही, आणि वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीच्या हिशेबात ते थोडं नाही. पण घरापुरत्या, वस्तीवर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या असतील आणि वर्षाकाठी तीस-चाळीस पिल्लं पुरत असतील, तर मी म्हणेन पेटीचे पैसे राखून ठेवा आणि दोन चांगल्या खुडूक होणाऱ्या कोंबड्या सांभाळा. बाजारात किंमत चांगली येते म्हणून नेमकी तीच कोंबडी विकली जाते. ती विकू नका.

माझी पेटी मी काढून टाकलेली नाही. आता कोंबडी बसवतो त्याच दिवशी पेटीतही पंधरा अंडी घालतो. एकविसाव्या दिवसाची रात्र झाली, तिच्याखालची पिल्लं सुकली, की पेटीतली पिल्लं टॉवेलात गुंडाळून नेतो. दिवा लावायचा नाही. एकेक पिल्लू मुठीत धरून मागच्या बाजूनं तिच्या पंखाखाली सरकवायचं. ती कुर्र करते, एखादी चोच मारते, मग अंग जरा उचलून पुन्हा बसते. थंडीच्या दिवसांत वीसच्या वर देत नाही, त्याहून जास्त तिच्या पंखाखाली मावत नाहीत. सकाळी डालगं उचललं की ती खाली उतरते, आणि मागं सगळी पिल्लं असतात. कुठली कुणाची ते मलाही ओळखता येत नाही.