पुडीने फिट थांबल्या, म्हणूनच आम्ही फसलो

एका वैद्याने दिलेल्या पुडीने माझ्या मुलीच्या फिट खरोखर थांबल्या होत्या. नेहमीच्या गोळ्या बंद करूनही तीन महिन्यांत एकही आली नाही. नुसती राख असती तर पंधरा दिवसांत सोडून दिली असती. गुण आला म्हणून अडकलो.

मुलगी तेवीस वर्षांची, आकडीचा त्रास चौदाव्या वर्षापासून. त्यावर लॅमोट्रिजिन या औषधाची १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ. वर्षाकाठी एखादी फिट, तीही जागरण झालं तर. सातपूरला नोकरी लागली, स्थळं बघायला लागलो आणि ‘गोळ्या अजून किती वर्षं?’ हा प्रश्न घरात शिरला. तेवढ्यात नणंदेने पेपरातून आलेलं पत्रक आणून दिलं : ‘फिट, मिरगी कायमची बंद’. फेफरं बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पंचवटीतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली. जिन्यापर्यंत चपला. स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या त्या माणसाने नाडी पाहिली, आमची फाईल उघडलीसुद्धा नाही. “ताई, इंग्रजी गोळ्या चालू असल्या तर आमचं औषध लागू पडत नाही. आजपासून बंद.” महिन्याचे साडेचार हजार, रोख. बिल मागितलं तर म्हणाला, “जडीबुटीला कसलं बिल?” रांगेत निफाडकडचे एक काका होते, मुलाला घेऊन आलेले. मुलाला बायपोलरचा, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार, पण गोळी आमचीच, लॅमोट्रिजिन. त्यांनाही तेच सांगितलं.

प्लास्टिकची छोटी पिशवी, तोंडाला स्टेपलची पिन, वर नाव नाही, तारीख नाही. तपकिरी चूर्णात मधूनच पांढरे कण. मधात कालवताना मी ते बोटांत चोळून पाहिले आणि खडीसाखर असेल म्हणून सोडून दिलं. ते कण अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पोर दिवसभर पेंगायची. जीभ जड, चालताना भिंतीला हात. वैद्य म्हणाला, “आजार मुळापासून निघतोय.” फिट येत नव्हत्या, म्हणून आम्ही ऐकलं.

दिवाळीत खोलीला कुलूप, फोन बंद, पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी पहाटे फिट आली. शुद्धीवर यायच्या आत दुसरी, लगेच तिसरी. रिक्षा मिळेना, शेजाऱ्यांनी गाडी काढली. आयसीयूत डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “काही देशी औषध चालू होतं का?” मी पर्समधून रिकामी पिशवी काढून दिली. रक्त तपासलं, त्यात फेनोबार्बिटोन निघालं. कुणीच लिहून न दिलेलं.

म्हणजे ‘इंग्रजी गोळ्या सोडा’ म्हणणारा इंग्रजी औषधच कुटून देत होता. हे औषध १९१२ पासून आकडीवर वापरतात. स्वस्त आहे, डॉक्टर आजही देतात, पण मोजून, लक्ष ठेवून. गुंगी त्याचीच होती. आणि ते एकदम तुटलं की फिट उसळून येतात.

तेही लगेच तोडता येईना. डॉक्टरांनी तेच औषध मोजून सुरू केलं आणि आठवड्या-आठवड्याने उतरवलं. लॅमोट्रिजिनचंही तसंच. चार-पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर थेट जाता येत नाही, अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. म्हणून पुन्हा २५ पासून, दोन आठवड्यांनी ५०, मग पुढे. पुरळ दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, असं बजावलंय. नोकरी गेली. सध्या ती १०० वर आहे.

लग्नाचं मी रडत रडत डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लग्नाआड येणारी फेफऱ्याची अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकली आहे. हे आधी माहीत असतं तर त्या जिन्याची पायरी चढले नसते.

अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. पण बिल नाही, आणि पुडीत चिमूटभरही चूर्ण उरलेलं नव्हतं. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर फेकू नका, बंद करून ठेवा.

निफाडच्या काकांचा नंबर मी घेतला नव्हता. मुलगा उंच, चष्मा, विशीतला. कुणी ओळखत असाल तर त्यांना एवढं कळवा : पुडी घरच्या घरी एकदम बंद करू नका. उरलेली पुडी आणि मुलगा, दोन्ही घेऊन आजच त्याच्या जुन्या डॉक्टरांकडे जा.