वाचनालयातली खऱ्या मताची वही: नऊ महिने वापरून

रिव्ह्यू एका रजिस्टरचा आहे, हसू नका. दोनशे पानी, लांब, लाल पुठ्ठ्याचं, तालुक्याहून 150 रुपयांत आणलं आणि मागच्या जुलैत आमच्या गावच्या वाचनालयात टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधून ठेवलं. पुस्तक परत करताना ज्यानं त्यानं त्यात खरं मत लिहायचं, एवढाच धंदा. आता एप्रिल लागला, उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, कधीचीच झाली, म्हणजे पेरणीपासून पूर्ण हंगाम वही वापरून झाली, म्हणून लिहून राहिलो.

मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो, सगळा कपाशीचा पट्टा. माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर लोक जेवढं खरं बोलतात तेवढं देवळातही बोलत नसतील. "ते वाण नको घेऊ बावा, हलक्या जमिनीत उभंच नाही राहत", "माह्याकडे ओलीत आहे म्हणून चाललं, तुह्यं कोरडवाहू, तू नको नादी लागू." 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीची बोंडं खाल्ली तेव्हापासून तर बियाण्याच्या बॅगवरच्या फोटोवर कोणी भरवसाच ठेवत नाही, शेजाऱ्याला विचारतात. आणि हीच माणसं वाचनालयात आली की "कसं आहे पुस्तक?" तर "छान आहे." झालं. चारशे पानांचं पुस्तक वाचून आला का उशाशी ठेवून झोपला काही पत्ता नाही.

पहिले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून पाहिला होता. तो गुड मॉर्निंगच्या फुलांत आणि कापसाच्या भावात बुडाला, आणि तिथं सगळे सगळ्यांचे नातेवाईक, वाईट कोण लिहिते. म्हणून वही.

सुरुवातीला आम्ही हुशारी करून रकाने पाडले: तारीख, पुस्तक, नाव, अभिप्राय आणि पाचपैकी स्टार. स्टारचा रकाना दोन महिन्यांत बाद केला. ज्याला त्याला चार. पाच दिले तर लोक म्हणतील याला काही कळत नाही, तीन दिले तर ग्रंथपाल भाऊंना वाईट वाटेल, म्हणून चार. एका पुस्तकाला तर ओळीनं तिघांनी चार स्टार देऊन "अप्रतिम", "मन हेलावून गेलं" असं लिहिलं होतं, मोहात पडून मी नेलं, तर मधली दोन पानं वरून जोडलेलीच, छापखान्यात कटिंग राहिलं होतं आणि कोणी फाडलीही नव्हती. कंपासच्या पट्टीनं मी फाडली तेव्हा त्या पानांना पहिल्यांदा हवा लागली. तिघंही माझ्या ओळखीचे आहेत, नाव घेत नाही, उधारी बाकी आहे.

मग रकाने बदलले. एक "कुठं सोडलं" आणि दुसरा "वाचणाऱ्याची जमीन". दुसरं नाव गमतीत ठेवलं होतं पण तेच चिकटलं. म्हणजे तू कोण, कधी वाचतो, याआधी काय वाचलं ते एका ओळीत लिही, मग मत सांग. वाणाचं आपण असंच सांगतो ना? भारी जमिनीतला माणूस हलक्या जमिनीवाल्याला नुसतं "मस्त आहे" म्हणाला तर त्याचा काय उपयोग.

याचा फायदा सगळ्यात जास्त 'धग'मध्ये दिसला. उद्धव शेळक्यांची, 1960 ची कादंबरी, आपल्या वऱ्हाडी बोलीतली, कौतिक आणि तिचा नवरा महादेव यांच्या संसाराची, आमच्या कपाटात दोन प्रती आहेत. वहीत पहिली नोंद एका रिटायर्ड मास्तरांची: "दर्जेदार साहित्यकृती. बोलीभाषेचा उत्कृष्ट वापर." बरोबरच आहे, पण हे वाचून कोणी पुस्तक उचलणार नाही. त्यानंतर महिन्याभरानं पुस्तक परत आलं त्यात एक चिठ्ठी, वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीनं. बाई वाचनालयात येत नाहीत (तिथं संध्याकाळी पेपर वाचणारे पुरुषच बसलेले असतात, आमची ही चूकच आहे), पोरीच्या हातानं पुस्तक नेतात. लिहिलं होतं, "मी दिवसभर निंदन करून रात्री वाचते. सातवी शिकली आहे. कौतिकच्या घरचं वाचून झोप लागली नाही, महादेवचा इतका राग आला का दोन दिवस आमच्या ह्यांच्याशी बोलली नाही. माझी सासू अशीच बोलते, तसंच्या तसं. थकून आल्यावर हे पुस्तक घेऊ नका, सुट्टीच्या दिवशी घ्या." मी ती चिठ्ठी जशीच्या तशी वहीत डकवली. तेव्हापासून दोन्ही प्रती क्वचितच कपाटात दिसतात.

"कुठं सोडलं" भरायला लोक लाजत होते, अर्धवट सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकल्यासारखं वाटते आपल्याला. मीच पहिले लिहिलं, "पान 62, पुढं जमलं नाही." मग बांध फुटला. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला चार जणांनी सोडलेलं निघालं आणि चौघंही पन्नास ते ऐंशीच्या मधात! सगळी वंशावळ आणि लढाईच्या आधीची खलबतं तिथं आहेत. मग एका कॉलेजच्या पोरानं जिद्दीनं रेटलं आणि लिहिलं की 90 नंतर गाडी सुसाट सुटते, मधातलं चाळून पुढं जा, काही बिघडत नाही. चौघांपैकी दोघांनी परत नेली. हे काम कोणतेच स्टार करू शकत नाहीत.

आता खराब गोष्टी, कारण त्याही आहेत.

एक तर माझीच. रहस्यकथेबद्दल लिहिता लिहिता ओघात खुनी कोण ते लिहून बसलो. ते पुस्तक तीन महिने कोणी नेलं नाही, आणि एकानं दुकानात येऊन सगळ्यांसमोर सुनावलं. आता शेवट लिहायचाच असेल तर तो भाग दुमडून स्टेपल मारायचा असा नियम आहे. स्टेपलर दोनदा चोरीला गेला ते वेगळं.

दुसरं जास्त अंगाशी आलं. पंचक्रोशीतल्याच एका कवीचा संग्रह आम्हाला भेट आलेला, त्याखाली कोणीतरी बिननावानं "शेतकऱ्यावर कविता आहेत पण कवी वावरात गेल्यासारखा वाटत नाही" असं लिहिलं. पोळ्याच्या दिवशी, बैल तोरणाखाली उभे असताना, कवी मला पकडून विचारतात, हे कोणी लिहिलं? मला खरंच माहीत नव्हतं. महिना दीड महिना अबोला. मला वाटते चूक मताची नव्हती, बिननावाची होती. ज्याची जमीन माहीत नाही त्याचं मत म्हणजे शिवीच वाटणार. तेव्हापासून नाव सक्तीचं, नाव नको असेल तर निदान "शेतमजूर", "बारावीचा विद्यार्थी" एवढं तरी पाहिजेच. पुढं दिवाळीनंतर कवी स्वतः आले, त्या नोंदीखाली लिहिलं, "पान 31 ची कविता मी नागपूरला खोलीवर राहत होतो तेव्हाची आहे. निरीक्षण मान्य. बाकीच्या पुन्हा वाचाव्यात." आणि खाली सही, ठसठशीत. वहीतली माझी सगळ्यात आवडती नोंद.

नियमितपणाचं विचाराल तर पेरणीत आणि वेचणीत पानं कोरी जातात, तो दोष वहीचा नाही. जानेवारीनंतर मात्र इतकं लिहिलं की दोन पेनं संपली.

न ठरवता झालेला फायदा म्हणजे खरेदी. आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या अ, ब, क, ड मधलं शेवटचं, अनुदान त्याच मानानं. त्यातही आधी एका विक्रेत्याकडून बंडल यायचं, त्यात प्रेरणेची पुस्तकं निम्मी, सगळ्यांच्या कव्हरवर डोंगर आणि हात वर केलेला माणूस. यंदा ग्रंथपाल भाऊ वही काखेत घेऊन दुकानात गेले आणि एक एक नाव सांगून पुस्तकं काढायला लावली. दुकानदार म्हणे वैतागला होता.

घ्यायची का तर घ्या, पण स्टारवाली करू नका आणि सुतळी लांब ठेवा. आमची तर आता सुतळी सोडलीच आहे. त्या चिठ्ठीवाल्या बाईंच्या पोरीनं विचारलं, वही घरी नेऊ का, आईला आणि मोहल्ल्यातल्या बायांना लिहायचं आहे. आता शनिवारी संध्याकाळी वही जाते आणि सोमवारी शाळेच्या वेळेला परत येते. मागच्या सोमवारी आली तर पाच नव्या नोंदी, तीन वेगवेगळी अक्षरं, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं, आणि माझ्या त्या "पान 62, पुढं जमलं नाही"च्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, "भाऊ, 70 पर्यंत तरी जायचं होतं."