कॉक्लियर इम्प्लांट: वर्षभराचा अनुभव आणि बंद करावे लागलेले इलेक्ट्रोड

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे ठोके देणारं यंत्र, करून आता वर्ष होऊन गेलं. बहिणीशी फोनवर बोलता येतं, शांत खोलीत समोरच्याच्या ओठांकडे न बघता गप्पा होतात. ऑपरेशन सार्थकी लागलं, हे आधीच सांगते. पण मला लिहायचंय ते इलेक्ट्रोडबद्दल, म्हणजे हे ठोके देणाऱ्या यंत्रातल्या बारीक टोकांबद्दल. ऑपरेशनच्या आधी याविषयी फारसं कुणी बोलत नाही, आणि नंतर त्रास सुरू झाला की घरीदारी सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "सवय होईल." काही गोष्टींची सवय खरंच होते. काहींची होत नाही, होऊ देऊही नये.

माझं ऐकणं ओटोस्क्लेरोसिसने गेलं. तिशीत सुरुवात झाली आणि पन्नाशी उलटेपर्यंत कानाचं मशीनही कामाचं राहिलं नाही. या आजारात कानाच्या आतलं हाड पोखरल्यासारखं होतं. त्यामुळे पुढे काय झालं ते कळायला थोडी माहिती हवी. कॉक्लिया म्हणजे अडीच वेढ्यांचा छोटा शंख. त्यात दोन-तीन सेंटिमीटरची बारीक पट्टी सरकवतात आणि तिच्यावर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. शंखाच्या तोंडाजवळचे इलेक्ट्रोड उंच आवाज देतात, आतल्या टोकाचे खालचे. चेहरा हलवणारी नस या शंखाला जवळजवळ खेटून जाते. हाड घट्ट असेल तर वीज आपल्या जागी राहते, पण पोखरलेल्या हाडातून ती सहज पाझरते.

स्विच-ऑननंतर, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू केल्यावर, सगळे रोबोटसारखे बोलत होते. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण आधीच कल्पना दिली होती, आणि रोज मोठ्याने पेपर वाचत गेले तसं ते निवळलंही. पण मॅपिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी ठरवायच्या भेटींमध्ये, आवाजाची पातळी वाढवत नेल्यावर वेगळंच सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली किंवा ओट्यावर स्टीलचं भांडं आपटलं की उजव्या डोळ्याखाली फडफडायचं आणि ओठाचा कोपरा ओढला जायचा. शेजारच्या काकूंनी बाईचा उजवा डोळा लवण्यावर शकुन-अपशकुन सांगितला. नात्यातल्या एकांनी अशक्तपणाचं कारण काढलं. मी प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणारा बाहेरचा भाग, काढून पाहिला: फडफड बंद. परत लावून टाळी वाजवली: परत सुरू. मग मी वहीत कोणत्या आवाजाला काय होतं ते लिहायला लागले. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडली ती ही वही.

ऑडिओलॉजिस्टने (मॅपिंग करणाऱ्या श्रवणतज्ज्ञ) वही वाचली आणि एकेक इलेक्ट्रोड सुटा तपासायला घेतला. मी हातात छोटा आरसा धरलेला, त्या माझ्या गालाकडे बघतायत, आणि टीं-टीं आवाज हळूहळू मोठा होतोय. मधल्या भागातल्या चार इलेक्ट्रोडवर आवाज पुरेसा मोठा वाटायच्या आतच गाल उडत होता. त्यांनी आधी विजेचा ठोका कमी जोराचा पण जास्त वेळ टिकणारा करून पाहिला. एका इलेक्ट्रोडचं त्यावर भागलं. उरलेले तीन बंद केले आणि त्यांच्या वाट्याचे आवाज शेजारच्यांना वाटून दिले. बॅटरी आता आधीपेक्षा लवकर उतरते, पण फडफड गेली. घरच्यांचे आवाज काही आठवडे परके वाटले, मग बसले.

इलेक्ट्रोड बंद करायचं म्हटल्यावर मला वाटलं, आता आपलं इम्प्लांट अधू झालं. तसं नसतं. १९८४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या इम्प्लांटला मुळात एकच इलेक्ट्रोड होता. आताच्या पट्टीवरचे दोन-तीन कमी झाले तरी बोलणं कळायला पुरेसे उरतात. चेहरा उडू नये म्हणून सगळाच आवाज खाली ठेवून दिवस काढणं त्याहून वाईट.

दुसरा प्रश्न पावसाळ्यात आला. फोनवर "साठ" आणि "आठ" एकच ऐकू यायला लागलं, "स" गळून पडत होता. पहिला संशय दमटपणावर. प्रोसेसर रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेवत होतेच, तरी कॉइलची (डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची) केबल बदलून पाहिली, फरक नाही. क्लिनिकमध्ये दुसरा प्रोसेसर लावला, तरी तेच. म्हणजे दोष आत होता. इम्पीडन्स मोजला, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला विजेचा किती अडथळा होतो ते पाहिलं. शंखाच्या तोंडाजवळच्या दोन इलेक्ट्रोडचा आकडा एकदम चढला होता. ऑपरेशननंतर सुरुवातीला आकडे चढलेले असतात आणि वापर सुरू झाला की उतरतात, पण इतक्या महिन्यांनी नेमके तोंडाजवळचेच चढणं म्हणजे पट्टी बाहेर सरकल्याची शंका येते. म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. रिपोर्ट येईपर्यंत मला झोप लागली नाही, कारण पट्टी सरकली असती तर पुन्हा ऑपरेशन होतं. पट्टी जागेवर होती, दुमडलेलीही नव्हती. ते दोन बंद केले, वाटणी पुन्हा केली आणि "स" परत आला.

गोंगाटात अजूनही जमत नाही. लक्ष्मी रोडवर दुकानदाराला दोनदा विचारावं लागतं आणि विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशा सुरू झाला की मी प्रोसेसर काढून ठेवते. गाणं पूर्वीसारखं लागत नाही, पण ताल स्पष्ट कळतो. हे सगळ्यांनाच थोडंफार असतं. त्याचा दोष बंद इलेक्ट्रोडना द्यायचं मी सोडून दिलंय.

मोठ्या माणसांसाठी खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून होतो. अपंगांना उपकरणांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट लहान मुलांसाठी आहे. म्हणून पैसे भरण्याआधी मॅपिंगचे पुढचे चार्जेस, आतल्या भागाची वॉरंटी किती वर्षं आणि दोष निघाला तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. दर मॅपिंगला इम्पीडन्सच्या तक्त्याची प्रिंट मागा आणि फाइलला लावा. माझ्याकडे जुने तक्ते होते म्हणूनच ते दोन आकडे कधी चढले ते लगेच सापडलं. चेहरा उडणं, चक्कर, कानात किंवा घशात टोचणं, आवाज अचानक तुटणं यातलं काही झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करून लवकरची वेळ मागा. फोनवर बोलणं जमत नसेल तर घरच्यांना करायला सांगा किंवा सरळ मेसेज टाका.