मानेच्या गाठीची एफएनएसी: २५, २७ की २३ गेज?

मानेच्या गाठीतून तपासणीसाठी बारीक सुईने पेशी काढायला, म्हणजे एफएनएसीला, बहुतेक ठिकाणी इंजेक्शनची साधी सुईच वापरतात. त्यामुळे ट्रेमध्ये जी हाताला लागेल ती उचलली जाते. हे थांबायला हवं. रुग्णाला किती दुखेल आणि स्लाइडवर किती पेशी उतरतील, हे बऱ्याच अंशी त्या सुईवर ठरतं. आणि नमुना अपुरा निघाला तर तोच माणूस पुन्हा टेबलावर येतो.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. आमची पहिली पसंती २५ गेजला. नारिंगी हब (सुईचं प्लास्टिकचं बूड), बाहेरचा व्यास ०.५ मिलिमीटर, लांबी १ इंच. गाठ थायरॉइड ग्रंथीत असेल तर तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. जाड सुईने रक्त जास्त येतं, ते सुईतच गोठतं आणि गुठळीत अडकलेल्या पेशी स्लाइडवर नीट पसरत नाहीत. या सुईचा खरा गुण दिसतो तो सिरिंज न लावता. हब दोन बोटांत पेनासारखा धरायचा, गाठीत शिरलं की सुई भराभर पुढेमागे करायची, सेकंदाला साधारण तीन वेळा, २ ते ५ सेकंद. सुईच्या टोकाने सुटलेल्या पेशी केशाकर्षणाने आपोआप वर चढतात. हबमध्ये थेंब दिसला की लगेच बाहेर. त्यापुढे येतं ते बहुतेक रक्तच. हातात सिरिंजचं वजन नसल्याने गाठ मऊ आहे की चिवट, हे बोटांना कळतं.

२७ गेज (राखाडी हब, ०.४ मिलिमीटर) त्वचेला सर्वांत कमी जाणवते. फार रक्ताळ, उथळ गाठीला उत्तम. पण कॅल्शियम साठलेल्या कडक गाठीवर ती वाकते, दाट कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्रव) तिच्यातून चढत नाही आणि पाकिटात अनेकदा अर्ध्या इंचाचीच मिळते. खोल गाठीपर्यंत ती पोचणारच नाही.

२३ गेज (निळा हब, ०.६ मिलिमीटर) दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावी: तंतुमय गाठ, दाट पू, किंवा २५ ने काहीच न आलेली लसिकाग्रंथी. इथे १० मिलिलिटरची सिरिंज लावून ओढ द्यावी लागते. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडलाच पाहिजे. नाही सोडला तर माल सिरिंजच्या नळीत उडतो आणि तिथून काढता येत नाही. पिस्तुलासारख्या होल्डरने एका हाताने ओढ देता येते, दुसरा हात गाठ धरायला किंवा सोनोग्राफीच्या प्रोबला मोकळा राहतो. मात्र त्याच्या वजनाने टोकाचा अंदाज जातो, आणि रुग्णाला तो पाहूनच धडकी भरते. नजरेआड ठेवा.

भुलीबद्दल: २५ ने एकदोनदाच टोचायचं असेल तर बऱ्याच जणांना ती लागत नाही. तीन-चार फेऱ्या ठरल्या असतील तर १ टक्का लिग्नोकेन द्यावं. त्याच्या ९ भागांत ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटचा १ भाग मिसळला की आग कमी होते. औषध त्वचेपासून ग्रंथीच्या आवरणापर्यंतच. गाठीत गेलं तर नमुना पातळ होतो. बधिर करणाऱ्या क्रीमला सुमारे तासभर लागतो, आणि ती फक्त त्वचाच बधिर करते.

खांद्याखाली उशी हवी, पण मणक्याची झीज असलेल्या वयस्कांची मान ताणू नका. आधी एकदा गिळायला सांगा, मग सुई आत असेपर्यंत गिळणं आणि बोलणं बंद; काही वाटलं तर हात वर करायचा. गिळताना थायरॉइड वर सरकते आणि आत असलेल्या सुईने ओरखडली जाते. प्रत्येक फेरीला नवी सुई, कारण वापरलेलं टोक बोथट होतं. शेवटी ५ ते १० मिनिटं घट्ट दाब.

चांगला माल सर्वांत जास्त वाया जातो तो स्लाइडवर. सोनोग्राफीचं जेल टोचण्याच्या जागेवरून पुसून काढा, ते स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या पेशींच्या थरावर) जांभळट कचऱ्यासारखं दिसून पेशी झाकतं. सिरिंजमध्ये आधी हवा ओढून मग तिला सुई जोडा, टोक काचेला टेकवून एक थेंब सोडा, दुसऱ्या काचेने हलकेच पसरा. पॅपनिकोलाऊ पद्धतीने रंगवायची स्लाइड त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. थोडीही वाळली तर केंद्रकं फुगून धूसर होतात. गिम्सा रंगाची मात्र पूर्ण वाळू द्यायची. थायरॉइडचा नमुना पुरेसा म्हणायला साधारणपणे फॉलिक्युलर पेशींचे (थायरॉइडच्या मुख्य पेशींचे) किमान ६ पुंजके लागतात, प्रत्येकात किमान १० पेशी. शक्य असेल तिथे पॅथॉलॉजिस्टने पहिली स्लाइड तिथेच पाहावी. नको असलेली फेरी वाचते.

लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची) शंका असेल तर या तिन्हींपैकी एकही सुई एकटी पुरत नाही. तिथे १८ गेजची कोअर सुई (ऊतीचा तुकडा काढणारी) किंवा पूर्ण ग्रंथी काढणं योग्य. क्षयाची शंका असेल तर एका फेरीचा माल सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) वेगळा ठेवा. त्याला अल्कोहोल किंवा फॉर्मालिन लागलं तर कल्चर येणार नाही.