हापूसची पेटी : कच्ची, पिकलेली की ऑरगॅनिक?

मार्केट यार्डात हापूस आला की आमच्या घरी दरवर्षी तोच वाद. आई म्हणते, कच्ची पेटी आणा, घरी पिकवू. बायको म्हणते, दोन डझन पिकलेलेच घ्या, रोज आंबे चाळत कोण बसणार? यंदा साडूंनी भर घातली : "ऑरगॅनिकच घ्या, बाकी सगळं विष." तिघांना भीती वाटते ती वेगवेगळ्या गोष्टींची, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी कार्बाइड, म्हणजे फळं झटपट पिकवायला वापरतात ते रसायन. त्याला ओल लागली की अॅसिटिलीन वायू सुटतो आणि फळ रंग धरतं. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर). तो वायू पिकणारा आंबा स्वतःही सोडतो. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, तोच बाहेरून देतात. 'केमिकलने पिकवलेलं' म्हणताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

कच्ची पेटी घेतली की ही धास्ती संपते. पण आंबा झाडावर तयार झालेला हवा : देठाशी खळगा, दोन्ही बाजूंचे खांदे भरलेले. कोवळा काढलेला आंबा अढीत नुसता सुरकुततो. पेंढ्यावर एकेरी थर लावा, वरून पेंढा घाला, रोज चाळा. आठवडाभरात वास सांगतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवलात तर तो गेलाच. आणि आत साका (पांढरट, स्पंजासारखा गर) निघाला तर अढी लावणाऱ्याला बोल लावू नका, तो दोष झाडावरूनच येतो.

पिकलेल्यात सोय आहे, खात्री नाही. कशाने पिकवला हे नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, हाताला कडक आणि नाकाला वास नाही, असं असेल तर मी पुढच्या गाळ्यावर जातो. पेटीत पुडी दिसली तर विचारा. सगळ्याच पुड्या कार्बाइडच्या नसतात. इथिलीन सोडणाऱ्याही मिळतात, फक्त त्यातली पावडर फळाला लागता कामा नये. विक्रेत्याने विषय बदलला तर काय ते समजा.

ऑरगॅनिकचा संबंध मुख्यतः बागेतल्या फवारणीशी. तिथेही निंबोळी अर्क, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण चालतं. 'नैसर्गिक' अशी पाटी कुणीही रंगवतो. जादा पैसे मोजायचे तर प्रमाणित मालावरचं 'जैविक भारत'चं चिन्ह बघून मोजा. आंब्यासाठी मी ते मोजणार नाही, साल आपण टाकूनच देतो.

द्राक्षांसाठी मोजेन. नारायणगाव काय, नाशिक काय, भुरी आणि केवडा या रोगांपायी वेलीवर पुन्हा पुन्हा औषध मारावं लागतं, आणि आपण द्राक्षं सालीसकट खातो. (मण्यावरची पांढरी झाक औषधाचीच असते असं नाही, द्राक्षाचं स्वतःचंही मेण असतं.) दोन कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. अमेरिकेत सफरचंदांवर हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले : सालीवरचं औषध निघालं, आत मुरलेलं राहिलं. तेव्हा सोड्याकडून चमत्काराची अपेक्षा नको, पण नळाखाली नुसतं धरण्यापेक्षा बरं.

सफरचंदाची चकाकी बहुधा खाद्य मेणाची, नियमात बसणारी. खुपत असेल तर साल काढा. केळी कच्चीच उतरवतात, ती पिकवावीच लागतात. चेंबरमधली असतील तर बिनघोर खा.

घरात दोघंच असाल तर पेटीच्या नादी लागू नका. चार-पाच डझन एकदम पिकतात आणि तिसऱ्या दिवशी आमरस नकोसा होतो. सहा कच्चे आंबे घ्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. फक्त रोज बघायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो, तेव्हा आंब्याबरोबर तांदूळही टाकावे लागले.