आकडा ३८ आणि पाणी ३१

घरी रंगीत रोल धुणाऱ्यांनी हे वाचावं, आणि जुनं फिल्म प्रोसेसर दुरुस्तीला टाकायचं मनात असेल तर नक्कीच. माझे ११,५०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे दिवे घाटातल्या वारीचे चार रोल गेले.

माझं मशीन सेकंडहँड, जर्मन बनावटीचं आहे. पाण्याचा हौद, त्यात हीटर, आणि फिल्मचा डबा फिरवणारी मोटर. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) जवळजवळ ३८ अंशांना, ३ मिनिटं १५ सेकंद चालतो. पाव अंशाची चूकही त्यात जास्तच. म्हणून तर असलं मशीन घ्यायचं. मे महिन्यात त्याचा हीटर बंदच होईना. पाणी ४६ पर्यंत तापलं तेव्हा मी प्लग ओढला.

ओळखीतून एक कारागीर मिळाला. मीटर न लावताच म्हणाला, "ताई, बोर्ड जळलंय. बाहेरून मागवावं लागेल." पाच आठवड्यांनी मशीन घेऊन आला, हौदात गीझरचं पाणी भरलं, बटण दाबलं. आकडा आला ३८. मी हात घालून पाहिला, पाणी कोमट होतं. मोटरही फिरली. वर "हे तुमचं जुनं बोर्ड" म्हणत एक काळवंडलेला तुकडा पिशवीत घालून दिला. जळका भाग हातात आल्यावर मला शंका कशी येणार? पैसे दिले.

वारीचे रोल मी एकाच संध्याकाळी धुतले, नेहमीसारखं गीझरचं पाणी भरून. पहिले दोन फिके निघाले. वाटलं, पावसाळी उजेडात एक्स्पोजर कमी पडलं असेल. पुढचे दोन तर जवळजवळ कोरेच. दिंडीतल्या एका आजींचा चेहरा पदराच्या सावलीत होता, त्या जागी निगेटिव्हवर काहीच नाही. तेव्हा कुठे मी काचेचा थर्मामीटर बुडवला. पाणी ३१ अंश. मशीनवर अजूनही ३८. हीटरचा दिवा संध्याकाळभर एकदाही लागला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

माझा मामेभाऊ आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यानं झाकण काढलं. बोर्ड जुनंच, धुळीसकट. पिशवीतल्या बोर्डाची भोकं आमच्या एकाही स्क्रूला जुळेनात. पाण्याचं तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो ना, पाणी तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. आमचा २५ अंशांना १० किलोओहमचा, ३८ ला साधारण पावणेसहा. त्याची वायर हौदाच्या कडेपाशी तुटली होती. सर्किट तुटलं की मशीनला पाणी बर्फासारखं गार वाटतं आणि ते तापवतच सुटतं. मूळ बिघाड एवढाच. ती वायर जोडायचं सोडून त्या कारागिरानं बोर्डावर ५.६ किलोओहमचा साधा रेझिस्टर सोल्डर केला होता; त्यावरचे हिरवा, निळा, लाल पट्टे हाच आकडा सांगत होते. म्हणजे पाणी कसंही असो, मशीनच्या लेखी कायम ३८. हे अज्ञान नव्हे. किती ओहम लावले की आकडा जागेवर बसेल हे कळणाऱ्याला वायर जोडता येत होती.

फोन केला तर म्हणाला, "जुन्या मशीनची गॅरंटी नसते ताई." त्यानंतर उचललाच नाही. नवा थर्मिस्टर बुधवार पेठेत पन्नास रुपयांच्या आत मिळाला.

तेव्हा मशीन ताब्यात घेताना कारागिरासमोर हौदात नळाचं गार पाणी भरा. आकडा खालून हळूहळू वर चढला पाहिजे, हीटरचा दिवा लागून ३८ पाशी विझला पाहिजे, आणि शेजारी बुडवलेला स्वतःचा थर्मामीटरही तेच सांगत असला पाहिजे. गार पाण्यात ३८ दिसले, तर पैसे देऊ नका. आणि बोर्ड बदलायचं म्हणत असेल, तर देण्याआधी आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते.